देव आहे याचे पुरावे तपासले तर किती उरतात?

शनिपारकर
मंडळी, विसर्जन होऊन आठवडा झाला, लक्ष्मी रोड परत चालण्यालायक झालाय, आता हा धागा काढायला हरकत नसावी. ऑफिसच्या कॅबमध्ये आमच्या दोन पार्ट्या आहेत, एक म्हणते देव आहे हे उघड आहे, दुसरी म्हणते नाही हे उघड आहे, आणि मला दोन्हीकडे काहीच उघड दिसत नाही. श्रद्धा असावी का, देवळात जावं का, बुवा लोक कसे लुटतात हे विषय कृपया नकोत, त्यावर इथे ढीगभर धागे आहेत. प्रश्न एवढाच की देव आहे या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते नीट तपासले तर हातात काय राहतं.

मला स्वतःला तीन गोष्टींत दम वाटतो. पहिली, मुळात काहीही का आहे? काहीच नसतं तरी कुणाचं काय बिघडलं असतं, पण जग आहे, आणि बिग बँगच्या हिशोबाने ते १३८० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं, मग सुरू कशामुळे झालं. दुसरी, निसर्गाचे स्थिरांक, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ताकद वगैरे ठरवणारे आकडे, असे काही जुळलेत की जरा इकडेतिकडे झाले असते तर तारेच झाले नसते, आपण तर लांबच. तिसरी, अनुभव. आमची आजी, शेजारचे बँकेतून रिटायर झालेले काका, टीममधली एक अत्यंत हुशार मुलगी, हे सगळे शपथेवर सांगतात की त्यांना काहीतरी जाणवलंय, आणि एरवी यातलं कुणी थापाडं नाही.

हाणा आता.

टिकोजी_राव
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसतो. बाबूकाकांना कुणीतरी उठवा.

बाबूकाका
झोपलो नव्हतो. शनिपारकर, तुमचा तीन नंबरचा मुद्दा नंतर घेतो, आधी बिग बँग. ज्या लमेत्रने ही कल्पना मांडली तो स्वतः कॅथलिक पाद्री होता. १९५१ साली पोपने भाषणात असं सुचवलं की बघा, विज्ञानानेच निर्मिती सिद्ध केली, तेव्हा लमेत्र खूश झाला नाही, उलट त्याची भूमिका होती की ही थिअरी धर्माच्या प्रश्नाच्या बाहेरची आहे. जे पाद्र्याला कळलं ते आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपला अजून कळायचंय.

आणि पुण्यात राहून नारळीकरांना विसरता होय? आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक संचालक, केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ हॉइलचे विद्यार्थी, आणि बिग बँगला शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिलेला माणूस. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिजबरोबर त्यांनी जे मॉडेल मांडलं त्यात विश्वाला एकच अशी सुरुवात नाहीच. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, १९६५ मध्ये सापडलेलं पार्श्वप्रारण, म्हणजे आकाशात सगळीकडून येणारं मंद प्रारण, बिग बँगच्या बाजूने साक्ष देतं हे मलाही मान्य. पण वाद कसा झाला ते बघा, दुर्बिणी लावून आणि गणितं मांडून. तुमचा देव सुरुवातीवर उभा करायचा तर तो पुढच्या रिसर्च पेपरवर भाड्याने राहणार. आणि समजा सुरुवात झाली, मान्य, तरी सुरू करणारा "कोणी" होता, त्याला मन होतं, इच्छा होती, हे कुठून आलं?

मृण्मयी_म
काका, सुरुवातच नाही हे आपल्याकडे मीमांसकांनी, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंथाने, फार आधी म्हणून ठेवलंय, "न कदाचिदनीदृशं जगत्", जग असं नव्हतं असा काळच नव्हता. आणि ही माणसं वेदाला प्रमाण मानणारी, यज्ञ करणारी, त्यांना पुरोगामी म्हणून हाकलताही येणार नाही. त्यांना वेद हवे होते, यज्ञ हवे होते, जग निर्माण करणारा ईश्वर मात्र नको होता. सांख्य या दुसऱ्या दर्शनाच्या सूत्रातही सरळ "ईश्वरासिद्धेः" आहे, ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून.

मला गंमत वाटते की मराठीत ही चर्चा निघाली की लगेच घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच हा दाखला येतो, जो इंग्रज धर्मशास्त्री पेलीने १८०२ मध्ये वापरला. आपला घट आणि कुंभार त्याच्या कितीतरी आधीचा आहे. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनातल्या तर्कपंडितांचं, म्हणणं असं, की पृथ्वी वगैरे गोष्टी अवयव जुळून झालेल्या आहेत म्हणजे त्या कार्य आहेत, आणि जे कार्य असतं त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. दिसायला एकदम चोख. यावर धर्मकीर्ती, सातव्या शतकातला बौद्ध, म्हणतो की वारूळ पण मातीचंच असतं, आकारही असतो, मग तेही कुंभाराने केलं का? म्हणजे मुद्दा हा की घट बघून कुंभार आठवतो कारण घट बनवताना आपण कुणालातरी बघितलेलं असतं. डोंगर बनवताना कुणी कुणाला बघितलंय? दोन्हींना "रचना" हा एकच शब्द लावला म्हणून दोन्ही एका जातीचे होत नाहीत. तत्त्वज्ञ ह्यूमचं याच धर्तीचं पुस्तक आलं १७७९ मध्ये, म्हणजे अकराशे वर्षांनी.

मग दहाव्या शतकाच्या सुमारास नैयायिक उदयनाचार्य उभे राहिले आणि न्यायकुसुमांजलीत ईश्वर आहे हे दाखवायला एक नाही, रांगेने हेतू दिले. कार्य आहे म्हणून, अणू एकत्र यायला कुणीतरी हलवायला हवं म्हणून, जग पडत नाही ते कुणीतरी धरलंय म्हणून, अशी यादी आहे. मला त्यातला अणूंचा मुद्दा आवडतो, त्या काळाच्या भौतिकशास्त्राला धरून आहे, पण आज गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकीय बल शिकल्यावर त्याचं काय करायचं? प्रत्येक शतकात "हे आपल्याला समजत नाही" ची जागा बदलते आणि देव तिथे शिफ्ट होतो.

टिकोजी_राव
दंडवत घ्या ताई. वारूळ उचललंय, कॅबवाल्यांना ऐकवणार.

डेटावाला
मी दोन नंबरवर बोलतो, स्थिरांक. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, माझ्या मते आजच्या घडीला देवाच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा हाच आहे.

काकांनी हॉइल काढलाच आहे तर त्याचंच उदाहरण. ताऱ्यांच्या पोटात कार्बन पुरेसा बनायचा तर कार्बनच्या अणुकेंद्रकाला एक ठराविक ऊर्जापातळी असायला हवी, ७.६५ एमईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक) जवळ, नाहीतर हेलियमचे तीन तुकडे जुळून कार्बन होणं फार दुर्मिळ. १९५३ मध्ये हॉइलने हे आधी सांगितलं आणि मग प्रयोगात ती पातळी खरंच सापडली. हॉइल स्वतः नास्तिक, पण पुढे त्यानेच लिहिलं की कुणा महाबुद्धीने भौतिकशास्त्राशी खेळ केल्यासारखं दिसतं. दुसरं, वैश्विक स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या पसरण्याला वेग देणारा आकडा. साध्या अंदाजाने तो जितका यायला हवा त्यापेक्षा १ वर १२० शून्य इतक्या पटीने लहान आहे. थोडा मोठा असता तर विश्व इतक्या वेगाने पसरलं असतं की दीर्घिका जमल्याच नसत्या.

आता वजन कसं करायचं. पुरावा म्हणजे हो किंवा नाही असं नसतं, तो आपल्याला एका बाजूला थोडा किंवा जास्त सरकवतो. विचारायचं एवढंच की देव असेल तर असं जग दिसण्याची शक्यता किती आणि नसेल तर किती, आणि त्या दोन्हींचं गुणोत्तर. कागदावर सोपं. पण दुसरा आकडा आणायचा कुठून? स्थिरांक कुठल्या रेंजमध्ये कुठलीही किंमत घेऊ शकला असता हे आपल्याला माहीतच नाही, आपल्याकडे सॅम्पल एकच विश्वाचं आहे. विश्वं अनेक असतील तर कुठेतरी जुळणारच आणि आपण तिथेच असणार, भौतिकशास्त्रज्ञ वाइनबर्गने १९८७ मध्ये याच वाटेने वैश्विक स्थिरांक लहान पण शून्य नसलेला असावा असा अंदाज केला होता आणि १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या निरीक्षणातून तसंच निघालं. अर्थात अनेक विश्वं कुणी बघितलेली नाहीत, त्यामुळे देवाला नाही म्हणायचं आणि ती मात्र बिनतक्रार मानायची हेही मला जमत नाही.

पहिला आकडा पण सोपा नाही. देव असेल तर तो कार्बनच्या भानगडीत का पडेल? आस्तिक माणूस मानतो ना की देह नसलेलं मन असू शकतं, देव स्वतःच तसा आहे, आत्मेही तसेच. मग जीव निर्माण करायला तारे, हेलियम, अमुक एमईव्ही ही सगळी कसरत कशाला? जुळवाजुळव लागते ती देह लागणाऱ्यांना. त्यामुळे माझं माप थोडं सरकतं, फार नाही.

शनिपारकर
डेटावाला, देह नसलेल्या मनाचा मुद्दा मी कधी ऐकला नव्हता, यावर विचार करावा लागेल. पण "थोडं सरकतं" हे तुम्ही मान्य केलंत हे काकांनी वाचावं.

बाबूकाका
वाचलं. थोडं सरकून कुठे पोचलात तेही लिहा की. विश्वाचे डायल फिरवणारा कुणीतरी. त्याला तुमच्या प्रमोशनचं, मुलीच्या लग्नाचं, संकष्टीच्या उपासाचं काही पडलंय याचा यात कुठे पत्ता आहे?

गार्गी_८२
बऱ्याच दिवसांनी लिहितेय, नाइट ड्यूटी संपवून आले आहे त्यामुळे विस्कळीत वाटलं तर समजून घ्या. काका म्हणतात त्या "पडलंय" वाल्या देवाबद्दल लिहायचं होतं, कारण आयसीयूच्या बाहेर बसलेले नातेवाईक ज्याला हाका मारतात तो हाच देव असतो, डायलवाला नाही.

प्रार्थनेवर एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, २००६ मध्ये छापून आला, बायपासचे १८०२ पेशंट, सहा हॉस्पिटलं. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, एकासाठी नाही केली, आणि या दोन्ही गटांना आपण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं. तिसऱ्या गटाला सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होणार आहे. पहिल्या गटात ५२ टक्के लोकांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. ज्यांना माहीत होतं त्यांच्यात ५९ टक्के. बहुतेक त्यांना टेन्शन आलं असावं, आपली केस इतकी सीरियस आहे का म्हणून.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण. ज्यांच्यासाठी प्रार्थना "केली नाही" त्यांच्या घरच्यांनी घरी केलीच असणार ना, ती कोण थांबवणार. त्यामुळे हा अभ्यास देव नाही असं सांगत नाही, अनोळखी माणसाने यादीतलं नाव वाचून केलेल्या जादा प्रार्थनेने फरक पडला नाही एवढंच सांगतो. आणि देव काय औषधाच्या ट्रायलला बसणार आहे का असंही कुणी म्हणेल. म्हणा, पण मग "नवस केला आणि गुण आला" हाही पुरावा म्हणून आणू नका, तीही ट्रायलच आहे, फक्त वाईट पद्धतीने केलेली. गुण न आलेले नवस कुणी लिहून ठेवत नाही.

टिकोजी_राव
२१ सप्टेंबर १९९५ कुणाला आठवतोय का? गणपती दूध प्यायला तो दिवस. मी शाळेत होतो, आमच्या वाड्यातल्या गणपतीसमोर वाटीचमचा घेऊन लाइन. दूध खरंच कमी होत होतं हो चमच्यातलं, मी डोळ्यांनी बघितलंय.

डेटावाला
बघितलं असणारच, दूध कमी होतच होतं. पृष्ठताणामुळे ते मूर्तीला चिकटून पातळ थर होऊन खाली ओघळत होतं, दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं होतं कुठे जातंय ते. शनिपारकरांच्या तीन नंबरला हे लागू आहे. बघणारा खोटं बोलत नसतो, जाणवलं ते खरं जाणवलेलं असतं, प्रश्न "कशामुळे" हा असतो, आणि तो भाग अनुभवात नसतो, तो आपण नंतर जोडतो.

मृण्मयी_म
थोडी असहमत. तसं म्हटलं तर समोर झाड दिसतंय हाही अनुभवच, झाड आपण नंतरच जोडतो. कुठेतरी अनुभवावर विश्वास ठेवावाच लागतो, शंका घ्यायला वेगळं कारण हवं. इथे कारण आहे ते असं की अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत. झाड सगळ्यांना झाडच दिसतं. देवाच्या अनुभवात कुणाला विठोबा, कुणाला येशू, कुणाला निर्गुण शांतता, आणि झेनवाल्या बौद्धाला तर देव नावाचं कुणी नाहीच असा अनुभव. सगळ्यांना मिळून काहीतरी अफाट जाणवतं एवढं मी धरून चालेन.

माळकरी_मुळशी
इतका वेळ नुसता वाचत होतो. मी वारी करतो, गळ्यात माळ आहे, पेशाने टर्नर आहे, भोसरीला वर्कशॉप आहे. मृण्मयीताई, तुम्ही मीमांसक सांगितले, सांख्य सांगितले, पण एक मोठं नाव राहिलं. रामानुजाचार्य. श्रीभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरच्या त्यांच्या टीकेत, त्यांनी स्वतःच नैयायिकांचं हे कार्य-कर्त्याचं अनुमान खोडून काढलंय. म्हणतात, कार्याला कर्ता असतो हे खरं धरलं तरी तो एकच कशावरून, मोठा रथ किंवा वाडा बांधायला अनेक माणसं लागतात की. त्यांचं मत, ईश्वर कळतो तो शास्त्रावरून, अनुमानाने नाही. विष्णूच्या भक्तीवर सगळा संप्रदाय उभा करणारा माणूस म्हणतोय की तर्काने देव सिद्ध होत नाही! तेव्हा काकांनी युक्तिवाद पाडला म्हणून आमचं काही पडलं असं समजू नये, आम्ही त्याच्यावर उभेच नव्हतो.

बाबूकाका
माळकरीबुवा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ही पळवाट आहे. शास्त्र खरं कशावरून? देवाने सांगितलं म्हणून. देव कशावरून? शास्त्रात आहे म्हणून. गोल गोल फिरायचं तर शनिवारवाड्याला पाच फेऱ्या मारा, तब्येत तरी सुधारेल. शिवाय कुराण, बायबल मानणारेही हेच म्हणतात. तिघं एकाच वेळी बरोबर कसे?

माळकरी_मुळशी
काका, गोल आहे हे मान्य. पण मी देव सिद्ध करायला शास्त्र आणलं नाही. तुम्हाला पटावं हा माझा आग्रहच नाही. मी एवढंच म्हणतोय की डायल फिरवणारा सिद्ध झाला काय आणि नाही झाला काय, आषाढात मी निघणारच, कारण मी जातो तो त्याच्याकडे नाही.

गार्गी_८२
माळकरीदादा, मग मला तुम्हालाच विचारायचंय, कारण माझा प्रश्न डायलवाल्याला नाहीच. किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आदल्या रात्री गावांनी गणपती विसर्जन केलं होतं, लोक दमून झोपले होते, दगडामातीची घरं अंगावर आली, सुमारे दहा हजार माणसं गेली. माझं आजोळ त्या भागातलं, जास्त लिहीत नाही. पानशेत मी समजू शकते, १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, धरण माणसाने बांधलं, घाई माणसाने केली, देवाने माणसाला मोकळीक दिली म्हणून त्याची जबाबदारी माणसाची. पण किल्लारीला कुणी काय केलं होतं? जमिनीखाली फॉल्ट होता, तो सरकला. लहान मुलांनी तर विसर्जनात नुसता गुलाल खेळला होता.

शनिपारकर
याला आपल्याकडे कर्माचं उत्तर देतात ना? ब्रह्मसूत्रात, वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, आहे बहुतेक.

मृण्मयी_म
आहे. "वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्". ईश्वरावर पक्षपाताचा आणि क्रूरतेचा आरोप लागत नाही कारण तो जीवांच्या कर्माप्रमाणे फळ देतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास हा प्रश्न इतका टोचत होता की सूत्रात घ्यावा लागला. पण मला हे उत्तर दोन ठिकाणी गळतं असं वाटतं. एक, कर्मच फळ ठरवत असेल तर ईश्वर मधे कशाला, मीमांसक नेमकं हेच म्हणाले आणि त्यांनी ईश्वराला रजा दिली. दुसरं, गार्गी म्हणते त्या मुलांना हे उत्तर देताना आपण नकळत म्हणतो की त्यांचंच काहीतरी असणार. हे मला तोंडाने म्हणवत नाही. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली याच पुण्यात, पण "त्यांचंच काहीतरी असणार" म्हणायला इथे कुणाला काही लागत नाही.

माळकरी_मुळशी
गार्गीताई, माझ्याकडे उत्तर नाही. कर्माचं उत्तर मी पण देणार नाही, कीर्तनात ऐकतो तेव्हा पण मला ते रुचत नाही. आमच्या संतांनी देवाला काय कमी सुनावलंय? रागावलेत, भांडलेत, देव मेला म्हणण्यापर्यंत गेलेत. तो नाहीच असं वाटून भांडता येत नाही, एवढंच मला दिसतं. हा पुरावा नाही, माहीत आहे.

डेटावाला
एक गोष्ट इथे स्पष्ट होतेय म्हणून लिहितो. स्थिरांक, सुरुवात, "काहीही का आहे", हे मुद्दे ज्या देवाकडे थोडे सरकवतात त्याला दया, माया, न्याय असले गुण लागतच नाहीत. किल्लारी ज्या देवाच्या विरुद्ध जाते तो दयाळू देव. म्हणजे बाजूचे पुरावे एकाचे आणि विरुद्धचे दुसऱ्याचे. आस्तिक वादात एकाचे गुण मिळवतो आणि घरी जाऊन दुसऱ्याच्या नावावर जमा करतो, आणि काका, नास्तिकही किल्लारी दाखवून डायलवाल्याला बाद करतो, तेही चालणार नाही. क्रूर किंवा बेफिकीर निर्माता किल्लारीने खोटा पडत नाही.

बाबूकाका
बेफिकीर निर्माता असला काय नसला काय, मला त्याच्याशी भांडण नाही. त्याच्या नावाने कुणी पावती फाडत नाही तोवर.

शनिपारकर
माझा हिशोब सांगतो, शेवटचा नाही. अनुभवाचा मुद्दा मी सोडतोय, आजीची माफी मागून. स्थिरांक अर्धा धरतो, देह नसलेल्या मनाने तो खिळखिळा केलाय. "काहीही का आहे" मात्र मला जसाच्या तसा उभा दिसतो, त्याला अजून कुणी हातच लावला नाहीये. विश्व नेहमीच होतं म्हटलं तरी नेहमी असलेलं असं काही का आहे, हे उरतंच ना?

बाबूकाका
आणि देव का आहे, हे नाही उरत?

शनिपारकर
उरतं. पण देव हे उत्तर पुरत नाही म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही काका.

मृण्मयी_म
हे बरोबर आहे, तो प्रश्न आस्तिक नास्तिक दोघांच्याही उशाशी आहे. कुठेतरी "हे आहे, बस" म्हणून थांबावं लागतं, एक जण जगापाशी थांबतो, दुसरा एक पाऊल पुढे जाऊन. ते जादा पाऊल टाकून काय मिळालं हे सांगायची जबाबदारी टाकणाऱ्याची.

जाता जाता उदयनाचार्यांची एक आख्यायिका, इतिहास म्हणून नाही. पुरीला गेले तर जगन्नाथाचं दार बंद. हे तापले आणि देवालाच सुनावलं, "ऐश्वर्यमदमत्तोऽसि मामवज्ञाय वर्तसे । उपस्थितेषु बौद्धेषु मदधीना तव स्थितिः ॥" ऐश्वर्याने माजलायस, मला ओळखत नाहीस, पण बौद्ध वाद घालायला आले की तुझं असणं माझ्या हातात असतं!

माळकरी_मुळशी
ताई हे भारी आहे. पण बघा, सिद्ध केलेल्या देवाचं असंच होतं, तो वकिलावर अवलंबून. आणि तरी आचार्य पुरीला गेलेच होते ना, दार वाजवायला.

बाबूकाका
दुपारी एक ते चार गेले असतील. बंदच असणार.